मेलेलं झाड मोजायला येणाऱ्या बाई

नलिनीबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्याशी सरळ खोटं बोलले. त्यांना ते कळलं, आणि त्यांनी मला ते कळू दिलं नाही. माणूस कसा आहे ते मी तिथंच ओळखलं.

वैशाखाचं ऊन होतं. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अंगाला, तलावाच्या खाली. अंगणात लुगडं पसरून मी चारं वाळत घातली होती. ज्यांना रान ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, तुमच्या श्रीखंडावर चारोळी असते ना, ती या चारांच्या बीच्या पोटातून निघते. तर मी चारं हलवत होते आणि फाटकातून एक बाई आत आल्या. डोक्याला रुमाल, पायात बूट, गळ्यात मोजायची टेप. मागं कॉलेजच्या दोन पोरी. आमच्याकडे टेपवालं माणूस आलं की गावाला दोनच गोष्टी सुचतात. एक तर रस्ता होणार, नाही तर कोणाची जागा जाणार. त्यातून बाईंनी झाडाचं विचारलं, तेव्हा मी त्यांना फारेस्टवाली समजले.

"इथे जवळपास चाराची झाडं आहेत का हो?"

"चार? आमच्या गावात चार नाई." हे मी चारांच्या ढिगाशेजारी बसून म्हटलं.

बाईंनी लुगड्याकडे पाहिलं. त्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घातला, ओसरीवर टेकल्या आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "आणि या वाळत घातल्यात त्या कशाच्या गोळ्या?"

"त्या का? बकरीच्या औषधाच्या."

आतून माझी नात फिसकन हसली. झालं. बाईंनी तिला बाहेर बोलावलं. ही प्रणाली. माझा मुलगा आजारात गेला, सून दुसरं घर करून गेली. तिनं जायलाच पाहिजे होतं, तरणी होती. राहिलो आम्ही दोघी. प्रणाली चंद्रपूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, आणि त्या बाई निघाल्या तिच्याच कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या.

"माझ्या वर्गात आहेस? मग मला कशी दिसली नाहीस?"

"मी मागं बसतो, मॅडम."

"पुढं येऊन बसू नकोस," बाई म्हणाल्या. "पुढं बसून काही होत नाही. सुट्टीत प्रयोगशाळेत ये. टेबल देते तुला."

बाईंच्या गौरवाच्या या पुस्तकात मोठी मोठी माणसं बाईंच्या संशोधनावर लिहिणार आहेत. मी चौथी शिकलेली. संपादकांनी मला विचारलं ते का, हे त्यांना ठाऊक. ते बाईंचेच जुने विद्यार्थी. म्हणाले, आजी, तुम्हाला दिसलं ते लिहा. शिवाय म्हणाले, बाईंच्या रागाबद्दल लिहू नका. तर तेच आधी लिहिते. बाई रागीट आहेत. चहा तर त्यांच्या हातचा पिऊच नये. आणि एकदा मनात घेतलं की बैलासारख्या रुततात. या रुतण्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांची आयुष्यं उभी आहेत, म्हणून माफ.

टेबल देते म्हणाल्या त्याचा अर्थ मला पुढं कळला. चांगली यंत्रं काचेच्या कपाटात ठेवायची आणि किल्ली मोठ्या साहेबांच्या खिशात, हीच रीत असते म्हणे. बी.एस्सी.च्या पोरांनी दुरून पाहायचं आणि वहीत चित्र काढायचं. नलिनीबाईंनी कपाटाची किल्ली दाराजवळ खिळ्याला टांगून ठेवली होती. ज्याला काम आहे त्यानं घ्यावी. धानोऱ्याकडची एक गोंडाची पोरगी होती, मराठीत अडखळायची म्हणून गप्प राहायची. बाईंनी तिला सांगितलं, तू झाडांची नावं तुमच्या बोलीत लिही, पाटीवर तेच नाव वरती राहील. ती पोरगी पुढं इतकी बोलायला लागली की प्रणाली म्हणायची, आजी, तुझ्यापेक्षा तिचं तोंड मोठं.

पण मी प्रणालीला सुखासुखी पाठवली नाही. उन्हाळा म्हणजे आमचा हंगाम. मोह वेचायचा, चारं आणायची, बिडीचा तेंदूपत्ता तोडायचा. दोघींचं घर, त्यात धड हात तिचेच. बाई पुन्हा आल्या तेव्हा मी तोंडावर सांगितलं.

"पोट्टी तिकडे बाटल्या धुवाले बसन, अन् इथी तेंदू कोण तोडन? तुमी?"

"मला येत नाही तोडता," बाई म्हणाल्या. "हंगाम कधी संपतो?"

"पाणी लागलं का संपते. मंग धानाची रोवणी लागते."

"म्हणजे मधले दिवस मोकळे. मधल्या दिवसांत पाठवा. रोवणीला परत घेऊन जा."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. पण पुढं मी त्या प्रयोगशाळेत गेले तेव्हा भिंतीवर एक मोठा कागद पाहिला. त्यावर मोह, तेंदू, रोवणी, धानकापणी असं सगळं रंगानं आखलेलं. कोणत्या पोराच्या घरी कोणता हंगाम, त्याप्रमाणे कोणाचा प्रयोग कधी सुरू करायचा. शेजारच्या खोलीतले एक सर जाता जाता म्हणाले, "मॅडम, ही लॅब आहे की पंचांग?" बाईंनी मान वर न करता सांगितलं, "झाडं पंचांगानंच चालतात, सर. माणसांनी चालायला काय हरकत आहे?"

प्रणालीचा पहिला प्रयोग माझ्यामुळे नासला, तेही इथं लिहायला हवं. बाईंना चारापासून रोपं करायची होती. रानात चार कमी होत चाललाय, कारण आम्हीच फळं पिकायच्या आधी फांद्या तोडतो. दुसऱ्यानं तोडायच्या आत आपण तोडायच्या, असं चाललंय. प्रणालीनं हे सांगितलं तेव्हा मी हसले होते. "चार लावून येते का कुठी? ते रानाचं झाड हाय. देव लावते ते." पण पोरीचं काम, म्हणून मी मनापासून मदत केली. चारं भिजवली, चोळली, वाळवली, जात्यात भरडून बी काढली, पाखडली, निवडली. लग्नाच्या घरी द्यावी अशी पांढरी स्वच्छ चारोळी पिशवीत भरून पाठवली. म्हटलं, दिसू दे चंद्रपूरवाल्यांना, आमच्या घरचा माल कसा असतो ते.

एकही उगवली नाही. सगळ्याला बुरशी लागली.

प्रणाली रडत घरी आली. "आजी, खायची चारोळी पाठवली तुनं! पेराची नाई!"

मी म्हटलं, "मी का पेराले देतो होय? आजपर्यंत जे केलं ते खायासाठीच केलं."

दुसऱ्या कोणी ती पिशवी उकिरड्यावर टाकली असती. बाईंनी प्रणालीला पुन्हा बसवलं. म्हणाल्या, का नासली, ते शोध. हाच तुझा प्रश्न. मग ती पोरगी जात्यात भरडलेली एकीकडे, पकडीनं एकेक फोडलेली दुसरीकडे, ताजी इकडे, जुनी तिकडे, असं करत बसली. जात्यात बीला मार लागतो, तो डोळ्यांना दिसत नाही. ताजी बी पकडीनं अलगद फोडून वाळूत घातली तेव्हा त्यातून कोंब आले. तो दिवस प्रणालीनं मला फोनवर सांगितला. मी म्हटलं, बरं झालं. मग फोन ठेवून मागच्या दारी जाऊन उभी राहिले. देव लावते म्हटलेलं झाड माझ्या नातीनं लावलं होतं.

त्यावर तिनं नागपूरला जाऊन चार माणसांसमोर भाषण केलं. सुरुवातीला बाईंनी तिला म्हणायला लावलं, की हा प्रश्न माझ्या आजीच्या जात्यातून निघाला. ते ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. नासक्या मालाला टाळ्या मिळालेल्या मी तरी पहिल्यांदाच ऐकल्या.

आता दिवाळीचं सांगते. प्रणाली एम.एस्सी.ला होती. सणाला घरी आली, पण जीव तिकडे. वॉचमन रोपांना पाणी देईल का, वरचं झाकण काढील का, हेच चाललं होतं. भाऊबीज झाल्यावर मी म्हटलं, चल, मीच पाहते तुझी रोपं. अनारसे घेतले, बस पकडली. कॉलेज ओसाड. फाटकावरच्या वॉचमननं आम्हाला आत सोडलं. वर प्रयोगशाळेचं दार उघडं होतं आणि आत नलिनीबाई एकट्या. पदर खोचलेला, हातात झारी. खिडकीच्या कट्ट्यावर डबा उघडा होता, त्यात सकाळच्या दोन पोळ्या आणि लोणचं. पोरं सणाला गावी गेली की सगळ्यांची रोपं बाईच सांभाळत. दरवर्षी. पोरांना वाटे, वॉचमन पाणी घालतो.

प्रणाली रोपांकडे धावली. मी बाईंजवळ बसले.

"बाई, दिवाळीले घरी नाई गेल्या?"

"भाऊ आहे पुण्याला. बोलावतो तो."

"मंग?"

"गेलं की दुसऱ्या दिवशी करमत नाही."

"अन् इथी करमते?"

बाईंनी झारी खाली ठेवली. "इथं पाणी घालायचं असतं," म्हणाल्या.

मी अनारसे काढून डब्यात ठेवले. त्यांनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "कडक झालाय." खरंच कडक झाला होता. माझ्या हातचं खाऊन असं खरं बोलणारं माणूस त्या आधी माझ्या नवऱ्याशिवाय भेटलं नव्हतं.

आणि मग बंगलोर आलं.

प्रणालीला तिकडच्या मोठ्या संस्थेत पुढच्या संशोधनाला जागा मिळाली. पाच-सहा वर्षांचं काम. गावातल्या बाया म्हणाल्या, बायजाबाई, नशीब काढलं पोट्टीनं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिला न सांगता बस पकडून चंद्रपूरला गेले. बाई वर्गात होत्या. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. त्या आल्या, तेव्हा मी उभी न राहताच बोलले.

"बाई, तिले इथंच ठेवा. तुमच्यापाशी. काई तरी काम काढा."

बाई माझ्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "ठेवता येईल. माझ्याकडे एक काम आहे तिच्याजोगं. मी एक शब्द टाकला तर ती राहील. मलाही तीच हवी आहे, बायजाबाई. तिच्यासारखी पोरगी मला पुन्हा मिळेल असं नाही." आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं, "टाकू शब्द?"

तुम्ही म्हणाल, बाईंनी मला समजवायला हवं होतं. पोरीचं भविष्य वगैरे सांगायला हवं होतं. तसं सांगितलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण त्यांनी नुसतं विचारलं. तिला अडवणं माझ्या हातात होतं तसं त्यांच्याही हातात होतं, आणि त्यांनी ते माझ्यासमोर धरलं.

प्रणाली राहिली असती तर तिनं दिवसभर काम केलं असतं आणि संध्याकाळी माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं, हिच्यासाठी राहावं लागलं अशा नजरेनं. असं कोणी माझ्याकडे पाहिलेलं मला खपत नाही.

"नोका टाकू," मी म्हटलं.

बाईंनी मला बसस्टॅंडवर सोडलं. बस सुटताना त्यांनी खिडकीतून एक पाण्याची बाटली दिली, बस्स.

बाईंच्या प्रयोगशाळेची एक रीत आहे. पोरगं पुढच्या शिक्षणाला बाहेर निघालं की स्वतः वाढवलेलं एक रोप त्यानं आपल्या घरी लावून जायचं. प्रणालीनं चाराचं रोप आमच्या मागच्या दारी लावलं, काटेरी कुंपण केलं, आणि गेली. आता इतवारी, तुमच्या रविवारी, फोन येतो. रेंज तलावाच्या पाळीवर, बांधावर चढलं की मिळते, म्हणून मी तिथं जाऊन उभी राहते. बाजूनं ढिवरांची पोरं जाळी घेऊन जातात आणि विचारतात, "आजी, बंगलोर लागलं का?" कधी लागतं, कधी नाही. लागलं तरी चार गोष्टी झाल्या की दोन्हीकडे बोलायचं संपतं. मग ती म्हणते, ठेवू? मी म्हणते, ठेव.

ती गेल्यावरचा पहिला पावसाळा सरल्यावर नलिनीबाई आल्या, गळ्यात टेप. रोप किती वाढलं ते पाहायला. रोपाजवळ बसल्या, उंची घेतली, पानं पाहिली. मी चहा केला. त्या निघाल्या तेव्हा मला कळलं की प्रणाली गेल्यापासून मी पहिल्यांदा कोणाशी तरी दुपारभर बोलले होते.

पुढच्या वर्षी रोप मेलं. मुळाला उधई लागली, तुमची वाळवी. मी राख टाकली, पाणी टाकलं, काही चाललं नाही. प्रणालीला फोनवर सांगितलं. बाई येतील तेव्हा काय, हा मला खरा घोर होता. आल्या. मी फाटकातच सांगून टाकलं.

"मेलं ते. उगाच आत येऊ नोका."

बाई आत आल्या. वाळकी काटकी होती तिथं बसल्या, टेप काढली आणि मोजली. म्हणाल्या, "मेलेलंही मोजावं लागतं. जगलेलंच मोजलं तर तो हिशेब खोटा होतो."

मला ते पटलं. पुढच्या वर्षी त्या पुन्हा आल्या. आता तर काटकीही नव्हती, चुलीत गेली होती.

"बाई, मेलेलं झाड वाढलं का पाहाले आल्या?"

"माती पाहायची आहे."

"माती का धावून जाते?"

"चहा टाका, बायजाबाई," त्या म्हणाल्या. "बोलता फार."

त्यांनी माती चिमटीत घेऊन पाहिल्यासारखं केलं. मी चहा टाकला. त्यानंतर त्या दर वर्षी येत राहिल्या, माती पाहायला. नंतर बाईंच्या गाडीच्या ड्रायव्हरनं मला सांगितलं की अशी घरं अजून आहेत. कोणाचं पोरगं पुण्याला, कोणाची पोरगी हैदराबादला. रोप जगो की मरो, बाई जातात. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे बसतात, टेप काढतात, काही तरी मोजतात. पोरांना मोठं करून दूर पाठवणारे मास्तर पुष्कळ आहेत. पाठवल्यावर रिकाम्या घरी येऊन बसणाऱ्या मी या एकच पाहिल्या. आणि रिकामं घर कसं असतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

आता बाई साठ वर्षांच्या झाल्या आणि निवृत्त होतायत. संपादकांनी लिहिलंय की सत्कार होणार, शाल-श्रीफळ, भाषणं. होऊ द्या. पण पुण्याचा भाऊ आता जोर करतोय, हेही मी ऐकलंय. कॉलेजची गाडी जाईल, ड्रायव्हर जाईल. रोपांना पाणी घालायला नवी माणसं येतील.

मागच्याच महिन्यात बाई आल्या होत्या. यावेळी एसटीनं आल्या. मी गळ्याकडे पाहिलं. टेप नव्हती.

"टेप कुठी?"

"लॅबची होती. जमा केली."

"मंग आता काय मोजाल?"

बाई ओसरीवर बसल्या, बूट काढले, आणि मागच्या दाराकडे नुसत्या पाहत राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं नव्हतं. थकल्यासारख्या दिसल्या. मी विचारलं, "पुण्याले जाता का?" त्या म्हणाल्या, "अजून ठरवलं नाही. इथं आता माझं काम काय?"

मी चहा केला नाही. जातं ओढून मध्ये घेतलं. वाळलेली चारं होती, ती टोपल्यात आणून ठेवली. प्रणाली होती तेव्हा आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. ती गेल्यापासून मी एकटीच ओढते. एकट्या हातानं जातं अडकतं, बी नीट फुटत नाही, चुरा जास्त होतो. मी म्हटलं, "बसा. पेराची नाई ही, खायाची हाय. मार लागला तरी चालते."

त्या बसल्या. खुंटा धरला. पहिल्या फेऱ्यांना उलट्या ओढायच्या, मी ओरडले. मग हात बसला. ऊन कुंपणावर येईपर्यंत आम्ही ओढत होतो आणि बोललो फार थोडं.

म्हणून या पुस्तकातून मी बाईंना एवढंच मागते. सत्काराला मी येणार नाही, परतीची बस मिळत नाही. बाई, त्या दिवशी तुमच्या गळ्यात हार पडतील, माणसं फोटो काढतील, आणि संध्याकाळी ती आपापल्या घरी जातील. दुसऱ्या दिवसाची सकाळ कशी असते ते मला ठाऊक आहे. पुण्याला जायचं असेल तर जा, मी शब्द टाकणार नाही. तुम्हीही टाकला नव्हता. तुमचे गुडघे धड राहोत, नजर धड राहो, जेवण पचो आणि राग आहे तसा राहो. पुष्कळ वर्षं जगा. आणि करमलं नाही तर चार पिकायच्या सुमाराला पहिली एसटी धरा. टेप आणायची गरज नाही. एका हातानं जात्याचं काम होत नाही, हे तुम्ही स्वतः ओढून पाहिलंय.